वाचकांचे प्रश्न : त्रिकोण, चौकोन, वर्तुळ

प्रश्न : त्रिकोणाचं टोक वर की खाली, यावर अर्थ ठरतो का?

उत्तर : यंत्रात, म्हणजे पूजेसाठी काढलेल्या भौमितिक आकृतीत, ठरतो. ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचा, अधोमुख शक्तीचा आणि दोन्ही एकमेकांत गुंफले की षट्कोन. मात्र हा नियम योगातल्या चक्रांच्या (शरीरातल्या ऊर्जाकेंद्रांच्या) चित्रांना लावू नका. तिथे आकृत्या पंचतत्त्वांच्या असतात : पृथ्वीचा पिवळा चौकोन, जलाची पांढरी चंद्रकोर, अग्नीचा तांबडा त्रिकोण, वायूचा धुरकट षट्कोन. मणिपूर चक्रातला अग्नीचा त्रिकोण तर बहुतेक चित्रांत अधोमुखच असतो. म्हणून आधी परंपरा कोणती ते पाहावं, मग अर्थ लावावा.

प्रश्न : श्रीयंत्र काढताना तीन रेषा एका बिंदूत मिळतच नाहीत. कुठे चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा आडव्या रेषांच्या अंतरात. चार ऊर्ध्वमुख आणि पाच अधोमुख अशा 9 त्रिकोणांच्या छेदांतून 43 लहान त्रिकोण तयार होतात : बाहेरून आत 14, 10, 10, 8 आणि मधला 1. प्रत्येक मोठ्या त्रिकोणाच्या बाजू इतर त्रिकोणांच्या पायांना (आडव्या बाजूंना) छेदत जातात, त्यामुळे एक पाया सरकला की चूक एका जागी राहत नाही, सगळ्या जाळ्यात पसरते.

एका रूढ पद्धतीत व्यासाचे 48 भाग करतात. 24 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ घ्या, म्हणजे एक भाग बरोबर 5 मिलिमीटरचा होईल. उभ्या व्यासावर वरून खाली 6, 6, 5, 3, 3, 4, 3, 6, 6, 6 भागांची अंतरं घ्या. मधल्या नऊ खुणांवर नऊ आडव्या रेषा येतात. खुणा करताना पट्टी उचलू नका. शून्य वरच्या टोकाला धरून 3, 6, 8.5, 10, 11.5, 13.5, 15, 18, 21 सेंटीमीटर असं एकदाच वाचा. प्रत्येक अंतर मागच्या खुणेपासून मोजलं, तर बारीक चुकांची बेरीज होत जाते. तिसरी आणि सातवी रेषा परिघाला दोन्हीकडे टेकवा, बाकीच्या आखूड ठेवा. पेन्सिल कडक आणि टोकदार हवी. एवढं करूनही काही छेदांत केसाएवढी फट राहू शकते; ती या मापांमुळेच राहते. रेष जाड करून फट झाकू नका. मर्मस्थानांवर, म्हणजे तिहेरी छेदांच्या जागी, तीन रेषा नेमक्या भेटणं हाच या आकृतीचा प्राण आहे, तेव्हा संबंधित पाया किंचित सरकवून पुन्हा काढा.

क्रमालाही अर्थ आहे. मधल्या बिंदूपासून भूपुराकडे (बाहेरच्या चौकोनी चौकटीकडे) जाणं हा सृष्टिक्रम, भूपुरापासून बिंदूकडे येणं हा संहारक्रम.

प्रश्न : चौकोन म्हणजे पृथ्वी आणि वर्तुळ म्हणजे आकाश, हे सर्वत्र खरं आहे का?

उत्तर : नाही. वैदिक यज्ञात नेमकं उलट दिसतं. यज्ञातल्या तीन अग्नींपैकी गार्हपत्य अग्नीचं कुंड गोल, आणि तो या लोकाचा, म्हणजे पृथ्वीचा. आहवनीय चौकोनी, आणि तो द्युलोकाचा, म्हणजे स्वर्गाचा. दक्षिणाग्नी अर्धवर्तुळाकार. आकार तीन, पण क्षेत्रफळ समान हवं. त्यासाठी बौधायन शुल्बसूत्रात (वेदी मापण्याच्या प्राचीन नियमग्रंथात) चौरसाएवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढण्याची रीत आहे : अर्धा कर्ण अर्ध्या बाजूपेक्षा जितका जास्त, त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवला की त्रिज्या आली. 12 सेंटीमीटरच्या चौरसाला ती सुमारे 6.83 सेंटीमीटर येते. क्षेत्रफळ जेमतेम पावणेदोन टक्के वाढतं. दोरी-खुंटीच्या मोजणीत ते जाणवतही नाही.