योक घेऊ की डिन? स्कूबा टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरची जोडणी

भाऊ, तुम्ही लिहिलंय की शिरपूरला तुमचं पाच जणांचं शोधपथक आहे, तापीत कोणी बुडालं की तुम्हाला बोलावणं येतं, तारकर्लीला कोर्स झालाय आणि आता स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन) व दोन टाक्या घ्यायच्यात. तर जोडणी योकची (वरून अडकवायची) घ्यावी की डिनची (आट्यांनी आत फिरवायची)?

माझं मत आधी सांगतो. रेग्युलेटर डिनचा घ्या, 300 बारचा (बार म्हणजे दाबाचं माप). सोबत योकचा अॅडाप्टर घ्या. टाकीला 232 बारचा, इन्सर्ट (म्हणजे काय ते पुढे सांगतो) बसणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

मी भुसावळचा. हतनूर धरणाच्या फुगवट्यात बरीच वर्षं शोधासाठी उतरतोय, त्यामुळे समुद्रातल्या स्वच्छ पाण्यापेक्षा आपल्या गढूळ पाण्याचा विचार करून सांगतो. तारकर्लीला तुम्ही वापरली ती जोडणी बहुधा योकची असेल. त्यात ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर असते आणि रेग्युलेटर वरून कडीसारखा अडकवून मागचा स्क्रू आवळतात. लावायला सोपं. पण ती ओ-रिंग फक्त त्या स्क्रूच्या दाबावर जागेवर राहते. आडवा फटका बसला, तर ती बाहेर ढकलली जाऊ शकते आणि मग टाकी पाहता पाहता रिकामी होते. शिवाय मागे स्क्रूचा नॉब बाहेर आलेला असतो. आपल्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी आहेत, मच्छीमारांची तुटलेली जाळी आहेत, आणि हातभरापलीकडचं दिसत नाही. जाळं अडकायला तो नॉब पुरेसा आहे.

डिनमध्ये रेग्युलेटरच व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी फिरवून बसवतात. ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला, आत बंदिस्त. तिला बाहेर पळायला वाटच नाही. मागे काही लोंबत नाही, डोक्याला लागत नाही. यासाठीच मी डिन म्हणतो.

आता आट्यांकडे नीट लक्ष द्या, कारण इथेच मी एकदा फसलोय. डिनचे दोन प्रकार आहेत: 232 बारचा, पाच आट्यांचा (याला काही जण 200 बारचा म्हणतात), आणि 300 बारचा, सात आट्यांचा. सात आट्यांचा रेग्युलेटर दोन्ही व्हॉल्व्हना बसतो. पाच आट्यांचा रेग्युलेटर 300 बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये फिरतो, घट्टही वाटतो, पण त्याची ओ-रिंग तळाला पोचत नाही आणि हवा सुटते. एका शोधात आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या पथकाकडून भरलेल्या दोन टाक्या मागवल्या. व्हॉल्व्ह 300 बारचे आणि आमचे रेग्युलेटर पाच आट्यांचे. बुडालेल्या मुलाचे वडील काठावर बसलेले, आणि आम्ही दुसऱ्या टाक्यांची वाट बघत दोन तास हात बांधून उभे. तेव्हापासून कोणी विचारलं की आधी आटे मोजायला सांगतो.

इन्सर्टचा व्हॉल्व्ह म्हणजे डिनच्याच व्हॉल्व्हमध्ये एलन कीने बसणारा छोटा तुकडा. तो बसवला की योक चालतो, काढला की डिन. हा तुकडा 232 च्या व्हॉल्व्हलाच असतो. काढताना व्हॉल्व्ह बंद आणि तोंडात दाब अजिबात नाही, हे बघूनच हात लावा. रेग्युलेटरला लावायचा अॅडाप्टर मात्र नेहमीसाठी वापरू नका. त्याने फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) मागे सरकतो, आणि फुटण्याजोगी एक ओ-रिंग वाढते.

डिनची एक अडचण खरी आहे. तापीचा बारीक गाळ आट्यांत बसतो. टाकीच्या तोंडावर कायम झाकण ठेवा, जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून हवेचा फवारा सोडा, घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवा. हाताने बसवायचं, पाना लावायचा नाही. सुट्या ओ-रिंगा खिशात हव्यातच.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. 27 अंशांना 200 बार भरलेली टाकी मेमध्ये बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापली, तर दाब 222 बारच्या आसपास जातो. योकच्या जोडणीची मर्यादा साधारण 207 ते 232 बार असते. आकडा रेग्युलेटरवर कोरलेला असतो, तो वाचा. टाकी सावलीत ठेवा.

जुन्या बाजारातून टाकी किंवा व्हॉल्व्ह घेत असाल, तर गळ्याचे आटेही बघा. एम25 (25 मिलिमीटरचे) आणि पाऊण इंची आटे दिसायला सारखेच. चुकीचा व्हॉल्व्ह काही फेरे जातो, दाब आला की तोफगोळ्यासारखा सुटतो. टाकीच्या खांद्यावरचा शिक्का आणि व्हॉल्व्हवरचा शिक्का जुळला नाही, तर घेऊ नका. युरोपातून आलेला नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा) एम26 आट्यांचा रेग्युलेटर स्वस्तात मिळतो, तोही नको. साध्या डिनच्या टाकीला तो बसणार नाही.

धुरात जायच्या श्वसन-संचाच्या टाकीला पुष्कळदा याच मापाचे आटे असतात, म्हणून रेग्युलेटर तिच्यावर बसतो. बसतो म्हणून पाण्यात नेऊ नका. फायबर गुंडाळलेल्या हलक्या टाक्या पाण्यात तुम्हाला वर ओढतात, आणि त्या या कामासाठी बनवलेल्या नाहीत.

आणि पैसे देण्याआधी एक फोन करा. टाकीत हवा भरून देणाऱ्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीला योकचं तोंड आहे की डिनचं, आणि तो किती बारपर्यंत भरतो, ते विचारा. त्या तोंडाचा फोटो मागवा. मला पाठवलात तर बघून सांगतो.