स्टुटगार्टला येताय, तर पैशांचं आधी हे बघा

तुम्ही विचारलंय की जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीची वर्षाला 60,000 युरोंची ऑफर आहे, बायको आणि तीन वर्षांची मुलगी सहा महिन्यांनी येतील, हिंजवडीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. तर पहिल्या महिन्यापासून घरी लाखभर रुपये पाठवता येतील का, आणि एसआयपी, पीपीएफ चालू ठेवायचं का? बरीच वर्षं इथे राहतोय, म्हणून सविस्तर लिहितो. माझं स्पष्ट मत असं, की पहिलं वर्षभर हप्त्यापुरतंच पाठवा आणि बाकीचे पैसे इथे साठू द्या.

60,000 हा ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा आकडा. कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा असं सगळं वजा होऊन कर-वर्ग 1 मध्ये (पगारातून किती कर कापायचा ते कौटुंबिक स्थितीनुसार ठरवणारे हे वर्ग) महिन्याला साधारण 3,100 ते 3,200 युरो हातात पडतात. लग्न झालेलं असलं तरी बायको इथे राहायला येईपर्यंत तुम्ही वर्ग 1 मध्येच. ती आली, तिच्या पत्त्याची नोंदणी झाली, की लगेच वर्ग 3, म्हणजे कमी कर कापणारा वर्ग मागा. महिन्याला चारेकशे युरोंचा फरक पडतो. ती त्याच कॅलेंडर वर्षात आली तर दोघांचं एकत्र रिटर्न भरा, आधी जास्त कापलेल्या करातलाही बराचसा परत मिळू शकतो. त्यामुळे जानेवारीत येण्यापेक्षा डिसेंबरात येणं फायद्याचं ठरतं, तिकिटं काढताना हे लक्षात असू द्या. सरकारी आरोग्य विम्यात नोकरी नसलेली बायको आणि मुलगी तुमच्याच हप्त्यात बसतात, वेगळं काही भरावं लागत नाही. शिवाय मुलगी आली की किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज करायचा, महिन्याला अडीचशेहून जास्त युरो मिळतात. (वसईचे कोणी ख्रिस्ती मित्र हे वाचत असतील तर: पत्ता नोंदवताना धर्म लिहिला की चर्चचा करही लागतो, या राज्यात आयकराच्या 8 टक्के.)

आता घर. खरा पैसा इथे जातो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून वार्ममीटे होतं, आणि वीज-इंटरनेट तरीही वेगळंच. डिपॉझिट तीन काल्टमीटेपर्यंत घेता येतं. ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. घरमालक आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा. आणि घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरात जरूर डोकावा. पुष्कळ ठिकाणी तिथे नळाची जोडणी आणि भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, एवढंच असतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, अगदी दिवेसुद्धा भाडेकरूने आणायचे. आधीचा भाडेकरू त्याचं किचन विकत देत असेल तर घासाघीस करून घ्या, नवीन बसवायला काही हजार युरो सहज लागतात. वर्षाअखेरच्या हिशेबात हीटिंग जास्त निघालं तर फरकाचं बिल येतं, त्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला टाका.

म्हणून भारतातून निघताना 8-10 हजार युरोंची सोय हाताशी असावी. पहिला पगार महिनाअखेरीला होतो, डिपॉझिट त्याच्या आधी मागतात.

कुटुंब आल्यावर वार्ममीटे 1,400 च्या आसपास, किराणा-भाजी 500, वीज-फोन, मासिक पास, दर घरामागे महिन्याला 18.36 युरोंची रेडिओ-टीव्हीची फी, हे सगळं धरून चाला. हाफ्टफ्लिश्त, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, वर्षाला शंभरच्या आत मिळतो. तो पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि किल्ली हरवणं त्यात धरलंय का ते तपासा. इमारतीची सामायिक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो.

उरलेल्यातून आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बचत खात्यात साठवा. त्यानंतर इथल्याच ब्रोकरकडे ईटीएफमध्ये (शेअरसारखे बाजारात विकत घेता येणारे फंड) दरमहा थोडी रक्कम लावा. व्याज-लाभांशाचे एकट्याला वर्षाला 1,000 युरो करमुक्त असतात, पण त्यासाठी बँकेत सूट-अर्ज भरून ठेवावा लागतो.

भारतातलं. रहिवासी बचत खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या, इथून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनी तुमच्या जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब मागते, ते इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. एसआयपी मी तुमच्या जागी थांबवली असती. जमलेली युनिट्स राहू द्या, केवायसी एनआरआय करा. पण भारतातले फंड इथे परदेशी ठरतात, त्यांचा जर्मन कर दरवर्षी स्वतः काढून भरावा लागतो आणि तो कटकटीचा आहे.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा, कारण मालक एनआरआय झाला की भाड्यातून 30 टक्क्यांहून जास्त टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. करारात तसं लिहून घ्या आणि हप्ता एनआरओतून आपोआप जाईल अशी सूचना निघण्यापूर्वी बँकेला देऊन ठेवा.