पेटीवरचा गंधार

चि. बाळ,

सांगलीहून अनेक आशीर्वाद.

कार्यक्रमानंतर कुणीतरी पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, 'परकं वाद्य' म्हणालं आणि तू तिथंच भांडलीस, हे वाचून बरं वाटलं. पण तुझं उत्तर मला पटलं नाही. 'लोकांना आवडते म्हणून ती आपली', एवढ्यावर पेटीची बाजू टिकत नाही गं.

१९४० मध्ये रेडिओनं पेटी बंद केली आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तिच्यात दोन आक्षेप एकत्र कालवलेले होते. एक राजकारणाचा, की ही युरोपातून आलेली. दुसरा कानाचा: तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे सूर आपल्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. तू पहिल्याशी भांडलीस. दुसऱ्याला हातही लावला नाहीस, आणि तोच खरा आहे.

करून बघ. तंबोरा नीट लाव. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा गुंजारव, चांगली असेल तर खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून शुद्ध गंधार, म्हणजे 'ग', आपोआप ऐकू येतो. मग पेटीवर तोच गंधार दाब. तो किंचित चढा लागेल. अर्ध्या सुराचे शंभर भाग धरले तर सुमारे चौदा भागांनी. बँकेतून सुटल्यावर वीस वर्षं मी भजनाला पेटी वाजवली, पण हा फरक मला कधी कळला नव्हता. एकदा मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला गेलो. कारागिरानं घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि तो गंधार उघडला. घरी येऊन पेटी काढली आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून गाणारा गंधारावर थांबला की मी बोट उचलतो.

मग पेटी बंद करायची का? मुळीच नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टर होते, अर्नेस्ट क्लेमंट्स इंग्रज न्यायाधीश. दोघांचंही पोट गाण्यावर नव्हतं, तुझ्यामाझ्यासारखेच. बंदीच्या कितीतरी आधी त्यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक सुरांची, पेटी करवून घेतली, आणि श्रुती पारखायला साथ कुणाची, तर मिरजेत राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची! खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. ती पेटी काही रुळली नाही. तरी मला हे तिघं फार जवळचे वाटतात, कारण खोट दिसल्यावर त्यांनी वाद्य दाराबाहेर काढलं नाही, त्याचे सूर तपासायला घेतले.

त्या माणसाला पुन्हा भेटलीस तर आधी त्याचं जे खरं आहे ते कबूल कर. राग येईल, तरी कर. परकेपणाचं नंतर बोल.

आणि येत्या रविवारी इकडे ये. दुपारी मिरजेला जाऊ, दर्ग्यात थोडं बसू. तुझी पेटी बरोबर आण; तंबोरा मी लावून ठेवतो.

तुझा,
काका