होस्टिंग बदलल्यापासून कंपनीच्या डोमेनवरून जीमेलला पाठवलेले मेल बाउन्स होतायत, ५५०-५.७.२६ असा एरर येतो. सर्व्हर खराब आहे का?

सर्व्हर नाही हो. ५५०-५.७.२६ म्हणजे मेल जीमेलपर्यंत पोचतोय, फक्त तो खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे त्यांना पटत नाहीये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलला सगळ्यांकडून एसपीएफ (तुमच्या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही), निदान एक तरी लागतंच. त्यामुळे होस्टिंगवाल्याशी भांडायच्या आधी डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, बघा.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, कोटेशन पाठवलं की मिनिटभरात परत, मी दोन दिवस पासवर्ड आणि पोर्ट तपासत बसलो आणि शेवटी डीएनएसमधले टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराच्या नोंदी) उघडले तर एसपीएफच्या दोन ओळी, एक जुनी गूगलची आणि एक नव्या होस्टिंगने आपोआप टाकलेली. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन सापडल्या की समोरचा सर्व्हर यातली बरोबर कोणती हे बघतच नाही, सरळ परमएरर (कायमची चूक), दोन्ही बाद! दुसरीतला इन्क्लूडचा (‘include:’ ने सुरू होणारा) भाग पहिलीत घाला, शेवटचं ऑल (~all किंवा -all) एकदाच ठेवा आणि दुसरी ओळ डिलीट करा. इन्क्लूड वाढवताना जपून, तपासताना १० च्या वर डीएनएस लुकअप (डीएनएसला विचारणा) लागले तरी परमएररच येतो.

पण त्याआधी एक बघा, डोमेन एकाकडे आणि होस्टिंग दुसऱ्याकडे असेल तर डीएनएसचं पॅनेल दोन्हीकडे दिसतं, पण चालतं फक्त ज्याचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी बाहेर सांगणारे सर्व्हर) लावलेत त्याचंच. लोक चुकीच्या पॅनेलमध्ये तासन्‌तास बदल करत राहतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. एनएसलुकअप ही कमांड मारून नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते आधी बघून घ्या.

मेल सर्व्हरपण बदललाय ना, मग डीकिमची की, म्हणजे सही तपासायची किल्ली, नवी लागेल. ती डीएनएसमध्ये टाकताना नावाच्या रकान्यात बरीच पॅनेल डोमेन स्वतःच जोडतात, तुम्ही पूर्ण नाव पेस्ट केलंत की डोमेन दोनदा लागतं आणि ती किल्ली सापडतच नाही.

बदल केल्यावर टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा) बघा, १४४०० असेल तर चार तास जुनंच उत्तर मिळू शकतं, तेवढ्यात परत काही बदलू नका प्लीज. मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका, तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ उघडा, एसपीएफ आणि डीकिम दोन्हीसमोर पास दिसायला हवं. परत बाउन्स झाला तर एररचा पूर्ण मजकूर इथे टाका, मी बघतो.