परदेशातलं हॉटेल खरंच पक्कं झालंय का?

आंबा उतरवून झाला, किनाऱ्यावरच्या होमस्टेंची गर्दी ओसरली, की कोकणातल्या घरांना फिरायला सवड मिळते. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना विमानही जवळ आलं. या वेळी अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांच्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली: मोबाईलवर घेतलेली खोली तिथे पोहोचल्यावर मिळेल ना, आणि कार्डावरचे पैसे शाबूत राहतील ना?

प्रश्न : दुबईतलं हॉटेल एका मोठ्या बुकिंग ॲपवरून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच ॲपच्या चॅटमध्ये हॉटेलच्या नावाने मेसेज आला: ‘तुमच्या कार्डाची पडताळणी अपूर्ण आहे, बारा तासांत खालच्या लिंकवर माहिती भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल.’ नाव, तारखा, बुकिंग क्रमांक सगळं बरोबर आहे. माहिती भरावी का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : भरू नका. लिंक उघडूसुद्धा नका. सध्याची सगळ्यात घातक फसवणूक हीच आहे, कारण मेसेज खऱ्या ॲपमध्ये येतो आणि त्यातला तपशीलही खरा असतो. चोर तुमच्या मोबाईलमध्ये शिरलेला नसतो, तो हॉटेलच्या संगणकात शिरलेला असतो. हॉटेलच्या काउंटरवर रोज पाहुण्यांच्या तक्रारींचे, विनंत्यांचे ईमेल येतात. तसाच एखादा खोटा ईमेल उघडला जातो, त्यातली फाईल किंवा लिंक पासवर्ड पळवते आणि चोर हॉटेलच्या खात्यातून सगळ्या पाहुण्यांची यादी बघत बसतो. मग प्रत्येकाला हॉटेलच्याच नावाने मेसेज जातो.

नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये बुकिंग डॉट कॉमला ४ लाख ७५ हजार युरोंचा दंड केला, त्यामागचं प्रकरण याच जातीचं होतं. चोरांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना फोनवर फसवून लॉगिन मिळवलं आणि चार हजारांहून अधिक ग्राहकांची माहिती पाहिली. दंड मात्र माहिती फुटल्याबद्दल नव्हता. ती फुटल्याचं कळूनही प्राधिकरणाला ७२ तासांच्या मुदतीत कळवलं नाही, म्हणून तो झाला.

आता करायचं ते असं. मेसेज तसाच ठेवा, ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि ‘माझी बुकिंग’मध्ये जाऊन पैशांची स्थिती बघा. कार्डात खरंच अडचण असेल तर कार्ड बदलण्याची सोय बुकिंगच्या त्या पानावरच दिसते, त्यासाठी बाहेरची लिंक लागत नाही. मग हॉटेलला फोन करा. नंबर मेसेजमधला किंवा नकाशावर दिसणारा घेऊ नका, हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधून काढा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. काउंटर रात्रभर चालू असलं तरी आरक्षण विभाग दिवसाच भेटतो, म्हणून आपल्याकडच्या दुपारी फोन लावा. तीन गोष्टी विचारा: बुकिंग कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखांचं आहे, पैसे आधी भरलेले दिसतात की आल्यावर भरायचे आहेत, आणि आज काही बाकी आहे का.

‘पर्यटन कर आगाऊ भरा’ असाही मेसेज येतो. दुबईत ‘टुरिझम दिरहम’ नावाचा कर खरोखर आहे: हॉटेलच्या दर्जानुसार एका खोलीला एका रात्रीचे ७ ते २० दिरहम. पण तो सहसा हॉटेलच्या काउंटरवरच घेतात, चॅटमधल्या लिंकवर नाही.

लिंक खरी की खोटी हे डोळ्यांनी ओळखायचं असेल तर पत्त्यात ‘https://’ नंतर येणारी पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या अलीकडचे शेवटचे दोन तुकडे वाचा. ‘अमुकहॉटेल डॉट कॉम डॉट तमुक-पे डॉट टॉप’ असा पत्ता असेल तर मालक ‘तमुक-पे डॉट टॉप’ आहे. पुढे लावलेलं हॉटेलचं नाव कोणीही लावू शकतं. (‘को डॉट जेपी’ किंवा ‘को डॉट यूके’ अशी शेपटी असेल तर तीन तुकडे वाचायचे.) पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर माहिती त्याच्यापर्यंत सुरक्षित पोहोचते. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं.

आणि कार्ड टाकून झालंच असेल तर ओटीपीचा एसएमएस शब्दन्‌शब्द वाचा. पानावर ‘पडताळणी, शून्य रुपये’ लिहिलेलं असतं आणि एसएमएसमध्ये मोठी रक्कम व भलत्याच दुकानाचं नाव. तिथेच थांबा, ओटीपी टाकू नका आणि कार्ड ब्लॉक करा.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर बालीतला व्हिला इतर ठिकाणांपेक्षा जवळजवळ निम्म्या भावात दिसला. ‘भारतातले आमचे प्रतिनिधी’ म्हणून एका व्यक्तीच्या यूपीआयवर अर्धी रक्कम मागतात. गावातल्या ओळखीच्या एजंटकडून घेणं जास्त बरं का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : त्या यूपीआयवर पैसे पाठवू नका. यूपीआयने पैसे खात्यातून खात्यात लगेच जातात. कार्डाच्या व्यवहारात ‘सेवा मिळालीच नाही’ म्हणून पैसे परत मागायची जी सोय असते, ती तिथे नाही. व्हिला खरा असेल तर तो एखाद्या जाणत्या बुकिंग संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या पेमेंट पानावर कार्ड स्वीकारील.

तपासायचंच असेल तर फोटोंपासून सुरुवात करा. दोन-तीन फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तेच तलाव, तेच पलंग दुसऱ्या नावाने दुसऱ्या देशात सापडले तर विषय संपला. नकाशावर व्हिला कुठे आहे ते बघा आणि प्रतिक्रिया जुन्यांपासून वाचा, सगळ्या एकाच आठवड्यात आलेल्या असतील तर सावध व्हा. संकेतस्थळ असेल तर ‘हू-इज’ नावाच्या मोफत शोधात त्याचा पत्ता टाका, नोंदणीची तारीख दिसते. दहा वर्षांचा व्हिला आणि दोन महिन्यांचं संकेतस्थळ यांचा मेळ बसत नाही.

एजंटकडून घ्यायला हरकत नाही, पण ओळख हा पुरावा नव्हे. पैसे फर्मच्या चालू खात्यातच भरा, जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून फर्मचं नाव जुळवा आणि पावती घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हाउचरवरच्या नंबरावर समाधान मानू नका. तो बहुतेकदा एजंटचा किंवा त्याच्या घाऊक पुरवठादाराचा (एजंटांना हॉटेलांच्या खोल्या पुरवणाऱ्या कंपनीचा) असतो. हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागा आणि तो घेऊन हॉटेलला ईमेल करा.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावरून बरेच लोक उगाच घाबरतात. काही घाऊक पुरवठादार पाहुण्यांची नावं हॉटेलला मुक्कामाच्या थोडेच दिवस आधी देतात. त्यामुळे दोन महिने आधी फोन केला तर हॉटेल प्रामाणिकपणे ‘या नावाचं काही नाही’ असं सांगू शकतं. अशा वेळी एजंटला दोन प्रश्न विचारा: पुरवठादार कोण, आणि नाव हॉटेलकडे कधी जाणार? उत्तर लेखी घ्या, सांगितलेल्या तारखेनंतर पुन्हा विचारा. सरळ एजंट हे लगेच सांगतो. जो चिडतो किंवा टाळतो, त्याच्याकडे पुढचा हप्ता देऊ नका.

प्रश्न : जपानमधल्या हॉटेलच्या संकेतस्थळावर कार्ड टाकलं आणि ओटीपी न येताच पैसे कापले गेले. फसवणूक झाली का? अशा ठिकाणी कोणतं कार्ड वापरावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नुसता ओटीपी आला नाही म्हणून फसवणूक ठरत नाही. ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती भारतातल्या ऑनलाइन व्यवहारांना आहे. परदेशातल्या अनेक व्यापाऱ्यांना कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढं पुरतं. म्हणजे हे तीन तपशील चोराला मिळाले तर त्यालाही तेवढंच पुरतं.

यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ते चालू-बंद करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते. बुकिंगच्या वेळी ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन’ चालू करा, मर्यादा खोलीच्या रकमेहून थोडी जास्त ठेवा, व्यवहार झाला की बंद करा. फक्त ‘पैसे नंतर कापू’ अशा प्रकारचं बुकिंग असेल तर कापायच्या तारखेला ते चालू हवं, नाहीतर कार्ड नाकारलं जाऊन खोली खरोखर जाते.

कार्ड क्रेडिटच वापरा. हॉटेलं पोहोचल्यावर अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावरही सुटायला आठवडा किंवा जास्त लागू शकतो. फॉरेक्स कार्डाचंही (परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डाचंही) तेच, ते शेवटचं बिल भरायला ठेवा. हॉटेल ईमेलने फॉर्म पाठवून कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागत असेल तर देऊ नका, पेमेंटची लिंक संकेतस्थळावर द्या किंवा आल्यावर भरतो, असं कळवा.

चलन निवडायला सांगितलं तर तिथलंच निवडा. बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलण्याचा जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते. ‘रुपयांत भरा’ म्हटलं की दर व्यापाऱ्याच्या बाजूचा लागतो, तो सहसा महाग असतो आणि काही बँका त्यावरही वेगळं शुल्क लावतात.

पावसात टॉवर गेला आणि पान मध्येच अडकलं तर पुन्हा ‘पे’ दाबू नका. आधी बँकेचा एसएमएस आणि बुकिंगची यादी बघा. एकाच खोलीचं दोनदा बुकिंग असंच होतं, आणि ‘रद्द करता येत नाही’ असा दर असेल तर दुसरी रक्कम सोडवायला हॉटेलच्या विनवण्या कराव्या लागतात.

प्रश्न : टोकियोतलं बुकिंग १० तारखेच्या रात्री ११:५९ पर्यंत फुकट रद्द होणार होतं. मी रात्री दहाला रद्द केलं, तरी एका रात्रीचे पैसे कापले.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बहुतेक ठिकाणी ही मुदत हॉटेलच्या घड्याळाने मोजतात. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे तुमची मुदत आपल्या रात्री ८:२९ ला संपली. बँकॉकसाठी दीड तास आणि बालीसाठी अडीच तास आधीचं गणित धरा. हॉटेलला नम्रपणे लिहून बघा, काही जण सोडतात. बँकेकडे मात्र यात दाद लागणं कठीण आहे.

प्रश्न : हॉटेल व्हॉट्सॲपवर पासपोर्टची प्रत मागतंय. द्यावी का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : शक्यतो नाही, पोहोचल्यावर दाखवा. जपानसारख्या देशांत परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट बघणं आणि प्रत ठेवणं हॉटेलला भागच असतं, पण ते काउंटरवर होतं. २०१८ मध्ये उघड झालेल्या स्टारवुड हॉटेलांच्या माहितीचोरीत लाखो पासपोर्ट क्रमांक होते, तेव्हा प्रत जितक्या कमी ठिकाणी जाईल तितकं बरं. स्वतःहून चावी घ्यायच्या अपार्टमेंटसाठी द्यावीच लागली तर बुकिंग ॲपमधूनच द्या आणि प्रतीवर आडवं हॉटेलचं नाव व तारीख लिहा.

प्रश्न : पैसे गेलेच तर पहिल्यांदा कुठे जायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कुठेही जायच्या आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा. मग बँकेच्या हेल्पलाइनला व्यवहार ‘मी केलेला नाही’ म्हणून नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. पैसे भारतातल्या खात्यात गेले असतील तर पहिल्या तासांत ते गोठवता येण्याची आशा असते.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर भार ठरावीक मर्यादेपर्यंत. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेने एक दिवसही घालवू नका.

खोली मिळालीच नाही, पण पैसे तुम्ही स्वतः कार्डाने भरले होते, असं असेल तर बँकेत ‘चार्जबॅक’ (कार्डाने भरलेले पैसे परत) मागा. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवसांची असते, तरी बँकेला त्याच आठवड्यात लिहा. सोबत बुकिंगची पावती, सगळे मेसेज, आणि ‘या नावाचं बुकिंग आमच्याकडे नाही’ असा हॉटेलचा ईमेल जोडा. हा ईमेल काउंटरवर उभे असतानाच मागून घ्या. घरी परतल्यावर तो मिळवणं फार जड जातं.