पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) का निघत नाही? आणि मींड-गमक यांत फरक काय?

पेटीत प्रत्येक पट्टीखाली ठरावीक सुराची पत्ती असते. ग आणि म यांच्या मधली जागा तिथे नाहीच, मग सूर घसरणार कुठून? चांगले पेटीवादक बोटांच्या चलाखीनं आभास निर्माण करतात, एवढंच.

सतारीवर पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार आडवी खेचली की एकाच आघातात सूर वर चढतो. कसलेला हात एकाच पडद्यावर चार-पाच सूर काढतो. गळ्यात मींड म्हणजे श्वास न तोडता, मधल्या श्रुतींना (दोन सुरांमधल्या सूक्ष्म जागांना) स्पर्श करत जाणं. गमक उलट: सूर जोरकस आंदोलित होतो, पोटातून दम लागतो. नवशिके नुसता गळा हलवतात, ती गमक नव्हे. (खटका-मुरकी ही सुरांची सजावट वेगळी, हलकी आणि झटपट.)

तुम्ही सांगलीचे असाल, तर मिरज हाकेच्या अंतरावर. सतारमेकरांच्या गल्लीत जवारी लावताना (झंकार खुलावा म्हणून घोडी घासून जुळवताना) बघा, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, किंचित घासली तरी तंबोऱ्याचा आवाज कसा खुलतो ते कळेल. मींड कानात मुरवायची तर मिरजेत राहिलेल्या, किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. रियाजाला मात्र पेटी बाजूला ठेवा, तंबोरा घ्या.