केंद्र क्षीण आहे, असं लिहिण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला त्या दीर्घिकेच्या केंद्राचा क्ष-किरण वर्णपट पाहिला. साधा पॉवर-लॉ (घातांकी उताराचं मॉडेल) व्यवस्थित बसलाय, पण फोटॉन इंडेक्स, म्हणजे वाढत्या ऊर्जेबरोबर फोटॉन किती झपाट्याने घटतात तो आकडा, ०.५ आलाय. तरीही खाली तू ‘केंद्र क्षीण’ असं लिहून टाकलंस. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांत हा आकडा सहसा १.८-१.९ च्या आसपास असतो. तो इतका उतरला, की आपल्या आणि केंद्रातल्या कृष्णविवराच्या मध्ये वायू-धूळ आडवी आली असणार, हा संशय सगळ्यात आधी यायला हवा.

एनजीसी १०६८ या दीर्घिकेचंच बघ. २ ते १० केव्हीमध्ये (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) ते केंद्र अगदीच फिकं दिसतं. पण १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांना ध्रुवित, म्हणजे विखुरून आलेल्या प्रकाशात रुंद उत्सर्जन रेषा (कृष्णविवराजवळ वेगाने फिरणाऱ्या वायूची खूण) सापडल्या आणि आत दडलेलं तेज उघड झालं. तिथला आडपडदा इतका दाट आहे, की क्ष-किरणांतही आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक परावर्तित, विखुरलेलंच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूस्टार या उच्च-ऊर्जा क्ष-किरण दुर्बिणीला २० केव्हीच्या वर जादा फोटॉन मिळाले. १० केव्हीच्या खाली मात्र फरक नव्हता. दाटी थोडी विरळ होऊन आतलं तेज थेट बाहेर आलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. नुसता १० केव्हीपर्यंतचा डेटा हाती असता तर हे कुणाला कळलंही नसतं.

म्हणून ६.४ केव्हीची लोखंडाची रेषा नीट तपास. थेट प्रकाश अडला तरी परावर्तनातून येणारी ही रेषा टिकते, त्यामुळे तिची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषा किती ठळक, याचं माप) १ केव्हीच्या घरात जाते. उघड्या केंद्रांत ती साधारण ०.१ केव्ही असते. तुझ्या आलेखात तिथे उंचवटा दिसतोय, आणि तू तो मॉडेलमध्ये घेतलेलाच नाहीस!

फोटॉन कमी आहेत, तेव्हा काय-स्क्वेअर सोड आणि कॅश स्टॅटिस्टिक (मोजक्या फोटॉनांसाठीची फिट-कसोटी) वापर. वेगवेगळ्या तारखांची निरीक्षणं डोळे झाकून एकत्र करू नकोस. एनजीसी १३६५ या दीर्घिकेत आडोसा काही दिवसांतच बदलतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची, मुंबईच्या टीआयएफआर संस्थेत घडलेली एसएक्सटी दुर्बीण ८ केव्हीपर्यंतच पाहते, त्यामुळे या कामाला ती एकटी पुरणार नाही. न्यूस्टारची जोड हवी. अवरक्तातलं तेजही ताडून बघ: धूळ तापून तिथे झळकत असेल आणि क्ष-किरण मात्र तुटपुंजे असतील, तर संशय पक्का होतो.

मी एवढा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. आकाशभर पसरलेलं क्ष-किरणांचं पार्श्वतेज ३० केव्हीच्या आसपास सर्वाधिक असतं, आणि झाकलेली केंद्रं धरल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही. अशी केंद्रं आपण क्षीण म्हणून बाजूला काढली, तर कृष्णविवरं कशी वाढत गेली हे गणितच चुकतं.

ते वाक्य तूर्त काढून टाक. न्यूस्टारच्या अर्काइव्हमध्ये या दीर्घिकेचं निरीक्षण आहे का ते बघ. असेल तर त्याच्या दोन्ही मॉड्यूलचा (शोधकांचा) डेटा एकत्र फिट कर, आणि स्तंभघनता (दृष्टिरेषेत आडवा आलेला वायू किती, ते माप) विरुद्ध फोटॉन इंडेक्सचा कंटूर-आलेख मला पाठव. तो पाहून पुढचं बोलू.